साडेचार

फैजपुरात यंदाही भाट आला, हेमराज,
मोटारसायकलवरून, मागे कॅरियरला वही
लाल फडक्यात, तान्ह्या पोरासारखी आवळून.
ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्याला
आणि सुरू झाला थेट पावागडापासून.
शेवटी शेवटी ओळखीचे लोक यायला लागले:
भादूचा सुपडू, सुपडूचा तोताराम,
तोतारामचा डोंगर.
डोंगर म्हणजे माझे वडील. त्यांच्याखाली मी.
माझ्याखाली शाई थांबली.

केतकी समोरच होती, बंगळूरहून
तीन दिवसांच्या रजेवर, कानबाईसाठी.
ती लढाऊ विमानांच्या डोळ्यांचं काम करते.
म्हणजे नेमकं काय, ते ती सांगत नाही
आणि मी विचारत नाही.
बावीस वर्षं हवाई दलात रडारचे डबे उघडले मी,
न विचारायची सवय हाडात जाते.

"किती झाल्या पिढ्या?" तिनं विचारलं.
"सोळा, ताई."
"आमच्याकडे पाचच. आणि एक साडेचार."

हेमराजनं कानावरचं पेन काढलं.
अर्धी पिढी त्यानं बापजन्मात ऐकली नव्हती.
ती म्हणाली, अंग चौथ्याचं,
रडार नवं, संगणक नवा, मग त्याला साडेचार म्हणतात.
"ठरवतं कोण?"
"कुणीच नाही, काका. विकणारे म्हणतात,
पेपरवाले लिहितात, मग सगळेच मोजत सुटतात.
चीनमध्ये तर एक आकडा मागेच मोजायचे."
भाटानं मान हलवली.
वह्या जुळत नसल्या की काय होतं, ते त्याला ठाऊक होतं.

मी ज्याच्या पोटात हात घालून तारुण्य काढलं
ते दुसऱ्या पिढीचं होतं
हे मला निवृत्तीनंतर कळलं, भुसावळ स्टेशनात,
भज्यांच्या तेलकट कागदावर.
आम्ही त्याला नुसतं विमान म्हणायचो.
व्हॉल्व्ह तापले की बेकेलाइटचा वास,
पडद्यावर हिरवी रेघ,
आणि जे दिसायचं त्यातलं निम्मं डोंगराचं, ढगाचं,
किंवा माझ्याच एका कच्च्या सोल्डरचं.
पहिल्या पिढीला तरी कुठे ठाऊक असतं
की ती पहिली आहे?

"आता डबा उघडत नाहीत, पप्पा. बदलतात.
वैमानिकाला एकच चित्र दिसतं,
रडारचं, उष्णतेचं, शेजारच्या विमानानं पाहिलेलं,
सगळं कालवून. कुणी काय पाहिलं, त्याला बघावं लागत नाही."
मी म्हणालो, तुझी माय या ओट्यावर बसून
तीस वर्षं हेच करते व.
आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"आणि ते दिसत नाही म्हणतात, ते?" हेमराज.
"दिसतं की. कडा ठरवून तिरप्या,
रंग लाटा पिऊन टाकणारा.
रडारला दिसतं, पण साळुंकीएवढं."

मग त्यानं पेन टेकवलं. "पुढे? मुलगा?"
मी केतकीकडे बोट केलं.
"मुली नाही लिहीत ना, दादा. त्या तिकडच्या वहीत."
तिकडच्या वहीतही सुनेचं बहुधा फक्त माहेरचं गाव असतं,
हे त्यानंच मागल्या खेपेला सांगितलं होतं.

तोतारामला चार बहिणी होत्या.
मला एक, इंदू, आठव्या वर्षी तापानं गेली,
तिच्या परकराचा रंग मला अजून आठवतो.
सोळा पिढ्या याच अंगणात वावरल्या त्या,
शेण काढलं, मांडे भाजले, भांडल्या,
आणि या लाल फडक्यात
साळुंकीएवढीसुद्धा खूण नाही.

केतकी चिडली नाही. मला वाटलं होतं चिडेल.
"साडेसोळा लिहा की, काका," म्हणाली.
तो हसला, मग हसायचा थांबला,
पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
"काकांना विचारावं लागेल. तीन वर्षांनी येईन."

वही बांधली. गाठ मारता मारता म्हणाला,
"तोवर तुमची सहावी निघेल का हो?"

"कागदावर कधीचीच आली," केतकी म्हणाली,
आणि केळीच्या गाडीचा हॉर्न वाजला म्हणून
फाटक उघडायला गेली.